मूत्रपिंडदान व आपलें कर्तव्य

विद्यार्थिमित्रांनो, अलोऱ्याच्या मुलांस कोयनेच्या पाण्याची कथा नव्यानें सांगावयास नको. घाटावर अडविलेलें तें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून पोफळीकडे येतें, तेथील यंत्रें फिरवितें, आणि मग कोळकेवाडीच्या धरणांत सांठतें. तेथून तें पुन्हां एकदां यंत्रें फिरवून वाशिष्ठीस मिळतें. एकच पाणी, पण त्यानें दोन ठिकाणीं काम केलें! मनुष्याच्या शरीरांतही असा एक अवयव आहे कीं, जो एका देहांतून काढून दुसऱ्या देहांत बसविला असतां आपलें काम पुढें चालवितो. तो अवयव म्हणजे मूत्रपिंड. त्याविषयीं चार उपयुक्त गोष्टी येथें सांगावयाच्या आहेत.

आपणांस बहुधा दोन मूत्रपिंडें असतात. पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या टोंकाजवळ, मुठीएवढ्या आकाराचीं तीं असतात. प्रत्येकांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या आहेत. दिवसरात्रींत सुमारें १८० लिटर द्रव या गाळण्यांतून जातो. त्यांतील बहुतेक सर्व पुन्हां रक्तांत परततो, आणि दीड लिटराच्या आसपास मूत्र होऊन बाहेर पडतें. रक्तदाब सांभाळणें, रक्त तयार होण्यास उत्तेजन देणें व हाडें बळकट ठेवणें, हीं कामेंही तींच करितात.

हीं मूत्रपिंडें बिघडूं लागलीं तरी पुष्कळ काळ कांहींच कळत नाहीं. मधुमेह व रक्तदाब हीं मोठ्या वयांतील मुख्य कारणें होत. तरुणांत मूत्रपिंडाचा दाह अथवा जन्मजात दोष हींही कारणें आढळतात. वैद्यास न विचारतां वेदनाशामक गोळ्या वारंवार घेणें हेंही घातक आहे. चेहऱ्यावर वा पायांवर सूज, मूत्रास फेंस, सतत थकवा, अन्नावरील वासना उडणें, अशीं लक्षणें दिसतांच रक्ताची व मूत्राची तपासणी करवावी. कार्यशक्ति शेंकडा पंधरांहून खालीं गेली म्हणजे मूत्रपिंडें निकामी झालीं असें समजतात.

मग उपाय कोणता? एक उपाय म्हणजे यंत्राच्या साहाय्यानें रक्त शुद्ध करणें. यास डायलिसिस म्हणतात. हॉलंडमधील डॉ. कोल्फ यांनीं महायुद्धाच्या धामधुमींत, १९४३ सालीं, असें पहिलें उपयुक्त यंत्र बनविलें. लोकनायक जयप्रकाश नारायण यांचीं मूत्रपिंडें १९७५ सालीं निकामी झालीं, तेव्हां मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत त्यांजवर हाच उपचार झाला, आणि त्याच्या आधारें ते १९७९ पर्यंत जगले. परंतु आठवड्यांतून दोन-तीन वेळां, दर वेळीं सुमारें चार तास यंत्राशीं बांधून घेणें हें वीस-बावीस वर्षांच्या तरुणास किती कठीण! त्याचें शिक्षण अडतें, नोकरी सुटते, मन खचतें. म्हणून प्रकृति अनुकूल असल्यास दुसऱ्याचें निरोगी मूत्रपिंड बसविणें हा अधिक चांगला उपाय ठरतो.

हें कार्य प्रथम यशस्वी झालें तें २३ डिसेंबर १९५४ रोजीं, अमेरिकेंतील बोस्टन शहरीं. डॉ. जोसेफ मरे व त्यांचे सहकारी यांनीं रोनाल्ड हेरिक याचें एक मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड यास बसविलें. रिचर्डला आणखी सुमारें आठ वर्षांचें आयुष्य लाभलें, आणि देणारा रोनाल्ड तर पुढें छप्पन्न वर्षें जगला! आपल्या देशांत १९६५ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत असा प्रयत्न झाला, व १९७१ सालीं वेलोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाच्या रुग्णालयांत जिवंत दात्याचें मूत्रपिंड बसविण्यांत यश आलें. नवें मूत्रपिंड ओटीपोटांत एका बाजूस बसवितात; जुनीं बहुधा जागच्या जागींच राहूं देतात. मात्र शरीरानें परका अवयव नाकारूं नये म्हणून रोग्यास नियमानें औषधें घ्यावीं लागतात. तेथें आळस चालत नाहीं.

आतां देणारा कोण? १९९४ च्या कायद्यानें आईबाप, भावंडें, मुलें व पतिपत्नी, आणि २०११ च्या दुरुस्तीनें आजीआजोबा व नातवंडें, यांस जवळचे नातलग मानिलें आहे. इतर कोणी प्रेमापोटीं देऊं इच्छील तर समितीची अनुमति लागते. देणारा अठरा वर्षांवरील असावा. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. पैसे घेऊन दाता मिळवून देतों म्हणणाऱ्या दलालास दारांतही उभें करूं नये. घरांतील दात्याचा रक्तगट जुळला नाहीं तर अशाच अडचणींतील दुसऱ्या कुटुंबाशीं दात्यांची अदलाबदल करण्यासही कायदा अनुमति देतो. हें पुष्कळांस ठाऊक नसल्यानें तीं कुटुंबें उगाच निराश होऊन बसतात.

एक मूत्रपिंड दिल्यावर उरलेलें दुसरें हळूहळू अधिक काम अंगावर घेतें, व दाता बहुधा पूर्ववत् कामास लागतो. शस्त्रक्रियेंत धोका अत्यल्प असतो, परंतु मुळींच नसतो असें नव्हे. म्हणूनच दात्याची कसून तपासणी होते. येथें एक कठोर सत्य सांगितलें पाहिजे. आपल्या देशांत जिवंतपणीं मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आहेत. आई देते, पत्नी देते, बहीण देते. बाप व भाऊ पुष्कळदां मागें राहतात. प्रेमानें दिलेलें दान थोर होय. परंतु घरच्यांच्या भिडेनें वा धाकानें दिलेलें तें दानच नव्हे. ज्यास “नाहीं” म्हणण्याची मोकळीक आहे, त्याच्याच “होय” ला मोल आहे.

आणि रोग्याची स्थिति पाहा. समजा, आपल्याच वाडींतील एका तरुणावर हा प्रसंग आला. “मला तुझ्या देहाचा तुकडा दे” असें तो कोणत्या तोंडानें मागणार? तो मुकाट बसतो, व दिवस जातात. म्हणून ही गोष्ट त्याच्या संमतीनें त्याच्या काकांनीं, मित्रानें वा शिक्षकानें आप्तांच्या कानीं घालावी. शिमग्यास अथवा गणपतीस मुंबईचे चाकरमानी घरीं येतात, तेव्हां सर्वांस एकत्र बसवून खरी हकीकत सांगावी, उत्तर मात्र तेथेंच मागूं नये. ज्यास इच्छा होईल तो एकांतीं येऊन सांगेल.

ज्यांस मूत्रपिंड देतां येत नाहीं, त्यांसही करण्याजोगें पुष्कळ आहे. उपचाराच्या दिवशीं सोबत जावें. मुंबईस जाणें पडलें तर नातलगांनीं राहण्याची सोय करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद जुळवून द्यावे. बुडालेला अभ्यास मित्रांनीं उतरून द्यावा. भेटीस जातांना प्रेमानें शहाळें नेण्याची आपली रीत आहे. पण निकामी मूत्रपिंडाच्या रोग्यास शहाळ्यांतील पोटॅशियम विषासारखें होऊं शकतें. केळीं व आंबे यांविषयींही वैद्यास विचारल्यावांचून आग्रह करूं नये. ज्या हातावर डायलिसिससाठीं नस तयार केली असेल, त्या हातास जपावें.

शेवटीं मरणोत्तर दानाची गोष्ट. ज्याच्या मेंदूचें कार्य कायमचें थांबलें आहे असें डॉक्टरांच्या मंडळानें सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासून ठरविलें, त्याचीं दोन मूत्रपिंडें दोन रोग्यांस जीवदान देऊं शकतात. त्यासाठीं दानपत्र भरून ठेवतां येतें. परंतु त्या घटकेस संमति घरच्यांनींच द्यावयाची असते. म्हणून पेटींत कागद ठेवून भागत नाहीं, आपली इच्छा घरीं बोलून ठेविली पाहिजे.

मुलांनो, आज रात्रीं जेवतांना हा विषय आईबाबांजवळ काढा. ते कदाचित् दचकतील. तरी नम्रपणें बोला. पोफळीस काम करून आलेलें पाणी कोळकेवाडीस अडविलें नसतें तर तें तसेंच समुद्रास गेलें असतें. कोणीतरी आधीं विचार केला, म्हणून त्यापासून दुसऱ्यांदा प्रकाश मिळाला. हाच विचार आपल्या घरोघरीं व्हावा, इतकेंच मागणें आहे.