कानशिलावर बसलेला चेंडू

नरी कॉन्ट्रॅक्टर हे नाव आता साठीच्या पुढच्या क्रिकेटशौकिनांनाच आठवत असेल. भारताचे डावखुरे सलामीचे फलंदाज आणि कर्णधार. 1959 साली लॉर्ड्सवर स्टॅथमच्या चेंडूने त्यांची बरगडी मोडली, तरी त्यांनी 81 धावा काढल्या. मात्र 17 मार्च 1962 रोजी बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू उजव्या कानाच्या वर आदळला आणि 31 कसोटींची त्यांची कारकीर्द अवघ्या 28 व्या वर्षी संपली. पुढे ते रणजी सामने खेळले, कसोटी मात्र नाही.

चेंडू लागल्यावर ते जागीच बेशुद्ध पडले नाहीत. मैदानातून चालत बाहेर गेले. मग नाका-कानातून रक्त आले, आणि नंतर शुद्ध हरपली ती कित्येक दिवस. कवटी फुटली होती व आत साचलेल्या रक्ताचा मेंदूवर दाब येत होता. शस्त्रक्रियेच्या वेळी वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर व आपल्या नाशिकचे बापू नाडकर्णी यांनीही दिले. त्यांच्या कवटीत बसवलेली धातूची पट्टी 2022 साली, तब्बल साठ वर्षांनी, काढण्यात आली.

कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते. ती फाटली तर रक्त हळूहळू साचते. तोवर माणूस बोलतो, चालतो, पाणी मागतो. घरच्यांना वाटते, सुटलो! दोन-चार तासांनी तोच माणूस गुंगीत जातो.

संदीप पाटील सुदैवी ठरले. जानेवारी 1981 मध्ये सिडनीत ते 65 धावांवर हेल्मेटशिवाय खेळत असताना लेन पास्कोचा चेंडू कानावर बसला आणि ते कोसळले. त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात ते पुन्हा फलंदाजीला आले, आणि महिनाअखेरीस ॲडलेडला 174 धावा ठोकल्या. आपण हे कौतुकाने सांगतो, आणि त्या 174 धावांचे कौतुक व्हायलाच हवे. दुसऱ्या डावात येणे मात्र धोक्याचे होते. मेंदूला हादरा बसलेला असताना डोक्यावर दुसरा मार बसला, तर मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो. 2019 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत अशा खेळाडूला बाहेर बसवून बदली खेळाडू घेता येतो.

आपल्या चाळीसगावात सुटीच्या दिवशी मुले सीझन बॉलने खेळतात आणि एकच हेल्मेट आळीपाळीने सगळ्यांच्या डोक्यावर चढते. ते सैल असेल तर घातले काय नि न घातले काय! मुलाला चेंडू लागला की तोंडावर पाणी मारतात, कांदा हुंगवतात आणि “काही नाही झालं, उभा राहा” म्हणून पुन्हा बॅट हाती देतात. असे करू नये. डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी गोंधळले, भोवळ आली किंवा स्कोअर विसरले, तर त्या दिवशीचा खेळ बंद. पुढे खेळायचे ते डॉक्टरांच्या परवानगीनेच.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, अडखळते बोलणे, झटका, हातापायात कमजोरी, लहानमोठ्या दिसणाऱ्या बाहुल्या, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा आणि जिथे सीटी स्कॅनची सोय असेल तिथेच न्यावे. मानेला मार असल्याची शंका असेल तर मुलाला ओढून उठवू नये. मनाने ॲस्पिरिन देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. पहिला दिवस-रात्र मुलाला एकटे सोडू नये. डॉक्टरांकडे नेताना चेंडू किती वाजता लागला, मूल किती वेळ बेशुद्ध होते आणि उलटी कितीदा झाली, हे कागदावर लिहून न्यावे. धावपळीत नेमके तेच आठवत नाही.