‘अजून लहान आहे, कशाला सांगायचं?’

भारतात एचआयव्हीवरच्या उपचारांची, म्हणजे एआरटीची औषधं २००४पासून मोफत मिळू लागली आणि २००६च्या अखेरीस लहान मुलांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू झाला. म्हणूनच जन्मापासून एचआयव्ही असलेली मुलं आज सातवी-आठवीत पोहोचतात, दहावीची परीक्षा देतात. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. गोळी मिळते. अडतं ते घरातल्या बोलण्यापाशी.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज हाच, की मुलाला खरं सांगितलं तर ते खचेल. म्हणून ‘ताकदीची गोळी’, ‘रक्त वाढायची गोळी’ असं सांगून वर्षं काढली जातात. पण बारा-तेरा वर्षांचं मूल बाटलीवरचं नाव मोबाइलवर शोधतं, केंद्राच्या भिंतीवरची पोस्टर वाचतं. मग ते एकट्यानेच घाबरतं आणि घरच्यांवरचा त्याचा विश्वास उडतो. गोळ्या चुकायला लागतात त्या अनेकदा इथूनच. जागतिक आरोग्य संघटनेने २०११मध्येच सांगितलं आहे, की शाळकरी मुलाला, म्हणजे सहा ते बारा या वयात, आपल्याला एचआयव्ही आहे हे कळायला हवं, आणि त्याहून लहानांना टप्प्याटप्प्याने सांगत जावं. आधी ‘तुझ्या रक्तात एक विषाणू आहे, गोळी त्याला वाढू देत नाही’ एवढंच. नाव नंतर. आईच्या मनात धास्ती असते ती वेगळीच: ‘तुझ्यामुळे मला झालं का, असं विचारलं तर?’ या प्रश्नाची तयारी आईने एकटीने का करावी? समुपदेशक असतात ते त्यासाठीच, आणि सांभाळणारी आजी किंवा मामी असेल तर त्यांच्यासाठीही.

‘गोळी वेळेवर दिली की पालकाचं काम संपलं,’ हेही खरं नाही. चाकणच्या कंपनीत वडील तिसऱ्या पाळीला गेले, की रात्रीच्या गोळीची आठवण कोण करणार? ती जबाबदारी हळूहळू मुलाच्या हातात द्यावी लागते. सहलीला मित्राने ‘कसली रे गोळी?’ विचारलं तर काय म्हणायचं, गोळी राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची पण दोन एकदम घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना आपला व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) स्वतः विचारायचा, नको असलेल्या गोष्टीला ठामपणे नाही म्हणायचं: जीवनकौशल्यं म्हणतात ती हीच. समवयस्कांची साथ यात फार मोलाची. झिम्बाब्वेत २००४मध्ये सुरू झालेल्या ‘झ्वांदिरी’ कार्यक्रमात एचआयव्हीसह जगणारे तरुणच धाकट्यांना भेटतात, त्यांच्या घरी जातात. या कार्यक्रमाच्या २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या सेवेत ३६ टक्के मुलांचा व्हायरल लोड वाढलेला होता किंवा ती दगावली होती. अशी साथ मिळालेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं. आपल्याकडेही हे करता येण्यासारखं आहे, आणि करायला हवं.

डबा वाटून खाल्ल्याने, एका बाकावर बसल्याने, एकत्र खेळल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे आता तरी वेगळं सांगावं लागू नये. तरी २००९मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात ‘सेवालय’ या संस्थेत राहणारी एचआयव्हीबाधित मुलं शाळेत येतात म्हणून पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं होतं. आज कायदा स्पष्ट आहे. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. शाळाप्रवेश, नोकरी, भाड्याचं घर यांत भेदभाव करता येत नाही. याच कायद्याने बारा ते अठरा वर्षांच्या, घर सांभाळणाऱ्या समजदार भावाबहिणीला धाकट्यांचं पालक होण्याचा अधिकार दिला आहे. ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते.

‘हिचं लग्न कसं होणार?’ होईल. उपचार नियमित असतील आणि व्हायरल लोड चाचणीत सापडण्याइतकाही उरला नसेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचारांशिवाय आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. उपचारांनी ते पाच टक्क्यांच्या खाली येतं. जोडीदाराला आधी खरं सांगावं लागतं, आणि ते धैर्य मुलीला ऐन लग्नाच्या वेळी अचानक येत नाही. त्याची सुरुवात घरातच व्हावी लागते.

तुमच्या घरात असं मूल असेल तर पुढच्या तारखेला गोळ्या घेऊन लगेच निघू नका. समुपदेशकांना विचारा: याला सांगायला सुरुवात कशी करू? केंद्रात बोलायला अवघड वाटलं तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. नाव सांगावं लागत नाही.