बोटीच्या बुडाचा हिशेब

फायबरची एक मासेमारी बोट घ्या. पाण्याच्या रेषेवर लांबी ९ मीटर, रुंदी अडीच मीटर, पाण्यात बुडते ती खोली ७० सेंटिमीटर. रुंदी आणि खोलीची बेरीज करून लांबीनं गुणलं की बुडाचं क्षेत्रफळ ढोबळमानानं हाती येतं : सुमारे २९ चौरस मीटर. १ लिटर रंग १० चौरस मीटरवर पसरला, तर ओला थर बरोबर ०.१ मिलिमीटरचा होतो. म्हणजे एका हाताला तीन लिटर, दोन हातांना सहा. निम्मा रंग उडून जाणारं द्रावक असेल, तर वाळल्यावर दोन्ही हात मिळून उरतो मिलिमीटरचा दहावा भाग. शेवाळ आणि बार्नॅकल दूर ठेवायचं काम एवढ्याशा थराचं!

रंगाचा आकडा असा चुटकीसरशी निघतो. खरा प्रश्न मजुरीचा. त्यावर मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे बुडाचा एक चौरस मीटर आखून तेवढाच घासून पाहायचा आणि घड्याळ लावायचं. पाऊण तास लागला तर सबंध बुडाला जवळजवळ बावीस तास, म्हणजे एका माणसाचे पावणेतीन दिवस. तेही घासणीच्या एकाच फेरीचे.

पण बूड खडकाला आपटून फुटलं असेल, तर गणित पार बदलतं. समजा १० सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक पडलंय आणि तिथली जाडी ६ मिलिमीटर आहे. तेवढ्याच मापाचं ठिगळ बसवून भागत नाही, कारण तुटलेले काचतंतू पुन्हा जोडता येत नाहीत. नवा थर जुन्याला फक्त चिकटून राहणार, म्हणून चिकटायला ऐसपैस जागा हवी. त्यासाठी कडा जाडीच्या बारापट लांबीपर्यंत उतरत्या घासतात. इथे ७२ मिलिमीटर, चहूबाजूंनी. भोकाचा व्यास १० वरून २४.४ सेंटिमीटरवर जातो आणि क्षेत्रफळ जवळजवळ सहापट होतं. तेच बूड १० मिलिमीटर जाड निघालं, तर साडेअकरापट! भोक तेवढंच, पण काम दुप्पट. नुसतं भोकाचं माप ऐकून सांगितलेल्या किमतीवर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

शिवाय इजा भोकापुरती थांबते असंही नाही. धक्क्यानं आतले थर दूरवर सुटलेले असतात आणि वरून काही दिसत नाही. माठ घेताना वाजवून बघतात, तसं इथे छोट्या हातोडीनं बूड ठोकत जायचं. धड भाग टणक वाजतो, सुटलेला बद्द. आवाज बदलेल तिथे खडूनं रेघ ओढत गेलं की इजेचा खरा नकाशा उमटतो आणि अंदाजपत्रक त्या रेघेच्या आतल्या क्षेत्रफळावर बांधायचं.

कधी बुडावर बारीक फोड दिसतात. वरच्या जेलकोटची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यातून पाणी वर्षानुवर्षं झिरपतं. आत रेझिनमधले विरघळणारे अंश असतात, त्यांचं दाट द्रावण बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतं, दाब वाढतो आणि फोड येतो. फोडला तर चिकट द्रव पिचकारीसारखा उडू शकतो (डोळ्यांना चष्मा हवाच) आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. मग जागा उघडायची, गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायची, कारण आत राहिलेला अंश परत पाणी ओढतो. त्यानंतर वाळवायचं. कित्येक आठवडे, कधी महिने.

आणि कोकणात बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात त्या मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, ऐन पावसात. रंग लावताना बुडाचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम हवा, नाहीतर त्यावर न दिसणारा ओलावा धरतो. जुलैत किनाऱ्यावर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो आणि सावलीतलं बूड कित्येकदा २७ अंशांच्या वर जात नाही. बूड आतून सुकलं की नाही, हे पाहायला प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवतात. आतून घाम धरला, तर काम पुढे ढकलायचं. त्यामुळे अशा कामाच्या हिशेबात मजुरीइतकीच जागा वरच्या छपराला, तापवणाऱ्या दिव्यांना आणि बोट धंद्याला न लागता उभी राहील त्या दिवसांना द्यावी लागते.