देहभार, संकोच आणि नकाराची भाषा : खानदेशातील जत्रांच्या पाळण्यांच्या निमित्ताने

जत्रेतील पाळण्यावर बसावयास गेलेल्या मनुष्याला केवळ देहाच्या आकारमानामुळे परत फिरावे लागणे, ही घटना वरकरणी क्षुल्लक वाटते. तिच्यामुळे इजा होत नाही, द्रव्यहानी होत नाही, आणि पाळण्यावाचून कोणाचे अडतही नाही. तथापि वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या व्यक्ती आपल्या पूर्वायुष्याविषयी सांगू लागल्या, म्हणजे मधुमेह, गुडघेदुखी आणि झोपेतील श्वासावरोध यांच्या जोडीला अशा प्रसंगांचा उल्लेख हटकून येतो. विमानातील न पुरणारा पट्टा, नाट्यगृहातील अरुंद खुर्ची आणि पाळण्याचा न बसणारा दांडा ही त्या कथनातील नित्याची स्थळे होत. दुखणे सांगताना जो स्वर स्थिर असतो, तो येथे अडखळतो. ही लाज केवळ देहभारातून उत्पन्न होते, की त्या भाराविषयी जे बोलले जाते त्यातून, हा प्रश्न वैद्यकाइतकाच भाषाशास्त्राचाही आहे.

खानदेशात पाळणे दृष्टीस पडतात ते मुख्यतः जत्रांत. चैत्री पौर्णिमेला धुळ्यास देवपुरात भरणारी एकवीरा देवीची यात्रा, कार्तिकी एकादशीचा जळगावचा रथोत्सव, वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरणारी अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, आणि दत्तजयंतीस भरणारी तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा (सारंगखेडे १९९८ सालच्या विभाजनापर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे) या सर्व ठिकाणी देवदर्शनाइतकेच पाळण्याचे आकर्षण असते. जुना रहाटपाळणा लाकडी असे. त्याला चार पेट्या असत आणि तो हातांनी फिरवीत. या पाळण्याचे यंत्रशास्त्र साधे होते: समोरासमोरच्या दोन पेट्यांतील भार सारखा असला की चाक सहज फिरे. त्यामुळे एका पेटीत वजनदार गृहस्थ बसला, तर पाळणेवाला समोरच्या पेटीत दोघांच्या जागी तीन पोरे बसवी. तराजूची तूट भरून काढावयास जो पासंग लावतात, तोच हा प्रकार. त्या चाकालाही सोसण्याची मर्यादा होतीच; परंतु मर्यादेच्या आत भार हा जुळवून घ्यावयाचा विषय होता, नाकारावयाचा नव्हे.

याच प्रदेशातील इतर रूढींतही देहभाराकडे पाहण्याची दृष्टी निराळी आढळते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणतात. दोर जाड हवा की बारीक, फांदी कोणती निवडावी, याचा निर्णय आदल्या दिवशी घरची माणसे करतात, आणि तो झोक्यावर बसणाऱ्यांकडे पाहूनच करतात. बारागाड्या ओढण्याच्या प्रसंगी तर गाड्यांवर माणसे जितकी अधिक चढतील तितका गाड्या ओढणाऱ्या भगताचा मान वाढतो. आणि तुलेचा विधी सर्वांच्या परिचयाचा आहे. नवस फेडताना मुलाची गूळतुला होते, पुढाऱ्यांची लाडूतुला किंवा वह्यातुला होते; भर सभेत, शेकडो लोकांसमक्ष मनुष्य पारड्यात बसतो आणि त्याचे वजन जितके जास्त तितका समारंभ थोर ठरतो. सार्वजनिक ठिकाणी वजन उघड होणे हेच लाजेचे कारण असते, तर तुलेइतका लाजिरवाणा विधी दुसरा नसता.

आजच्या जत्रेतील यंत्रे वेगळ्या जातीची आहेत. ब्रेक डान्स, टोराटोरा, ड्रॅगन ही नावे धुळ्याजळगावच्या पोरांच्या तोंडी आहेत. १९८९ साली मुंबईच्या गोराई येथे एस्सेलवर्ल्ड निघाले (ते २०२२ मध्ये बंद झाले) आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले; तेव्हापासून सहलींच्या निमित्ताने याहून वेगवान यंत्रांचा परिचय मराठी कुटुंबांना झाला. अशा यंत्रांत बसणाऱ्याला आसनाशी जखडून ठेवावे लागते. कुठे मांडीवर येणारा दांडा असतो, कुठे खांद्यांवरून छातीवर उतरणारे जोखड असते. ते एका ठराविक बिंदूच्या खाली आले तरच त्याची कडी बसते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. हा दांडा वजन मोजत नाही. तो पोटाचा घेर, मांडीची जाडी किंवा छातीची खोली मोजतो. सारख्याच वजनाच्या दोन व्यक्तींपैकी एकीला कडी बसेल, दुसरीला बसणार नाही. उंच मनुष्य शंभर किलोचा असून सुखाने बसेल आणि ठेंगणा नव्वद किलोचा असून उठेल. काही यंत्रांना वजनाचीही कमाल मर्यादा असते, ती वेगळी. दोघांसाठी एकच दांडा असेल तर अडचण आणखी निराळी: दांडा थोराच्या पोटावर टेकून थांबतो आणि शेजारच्या मुलापुढे पोकळी राहते. धोका मग त्या मुलाला असतो. म्हणजे 'तुमचे वजन जास्त आहे' हे यंत्रचालकाचे नेहमीचे वाक्य पुष्कळदा वस्तुस्थितीला धरून नसते. त्याने पाहिलेले असते एवढेच, की कडी बसत नाही. उरलेले त्याचे अनुमान असते, आणि ते तो मोठ्याने, रांगेतील पन्नास माणसांच्या देखत उच्चारतो.

अनुमान इतक्या सहज का निघते, हे समजण्यासाठी मराठीतील भारवाचक शब्दांकडे वळावे लागते. लाक्षणिक अर्थाने मराठीत जड असणे हे बहुधा मोठेपणाचे लक्षण आहे. 'गुरु' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच जड, भारी असा. अरबीतून आलेल्या 'वजन' शब्दाने हीच परंपरा चालविली: एखाद्याच्या शब्दाला वजन असते, पुढारी वजनदार असतो. 'भारी' कापड उत्तम असते. 'भारदस्त' हा शब्द देह आणि व्यक्तिमत्त्व या दोहोंना लागू पडतो, मात्र तो पुरुषांकडेच अधिक जातो. बालकांच्या वाट्याला 'गुटगुटीत' हा कौतुकाचा शब्द येतो. परंतु हाच भार प्रौढ देहाचा, विशेषतः स्त्रीदेहाचा झाला, की शब्दसंपत्ती एकदम चेष्टेकडे वळते: लठ्ठ, ढोल, ढब्बू, आणि बैठकीगणिक नव्याने निघणारी टोपणनावे. मध्यंतरी 'खात्यापित्या घरची', 'अंगाने भरलेली' असे काही आडपडद्याचे प्रयोग आहेत. 'स्थूल' हा शब्द तेवढा तटस्थ म्हणता येईल. पण तो पुस्तकी आहे. कोणताही पाळणेवाला 'आपण स्थूल आहात' असे म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर ऐकणारे अधिकच हसतील.

अर्थाच्या या दुहेरीपणाचा उपयोग करून किती सहज घाव घालता येतो, याचे उदाहरण २०१७ साली मुंबईत घडले. महापालिका निवडणुकीच्या दिवशी एका नामांकित लेखिकेने एका अतिस्थूल पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध करून 'भारी बंदोबस्त' या अर्थाची इंग्रजी कोटी केली. अधिकारी मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेश पोलिसांतील होता. त्याने आपल्या स्थूलतेचे कारण आजारात आहे असे सांगितले. पुढे त्याच वर्षी मुंबईतच त्याच्यावर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली. कोटीत एकही अपशब्द नव्हता. बंदोबस्ताला लागू असलेले विशेषण माणसाला लावले, एवढेच.

आता लाजेच्या व्याकरणाकडे. 'ती लाजली' आणि 'तिला लाज वाटली' ही वाक्ये समानार्थी नाहीत. पहिल्यात लाजणारी व्यक्ती कर्तृस्थानी असते आणि भाव बहुधा सुखाचा असतो. नवी नवरी लाजते. दुसऱ्यात व्यक्ती चतुर्थीत जाते, लाज ही कर्ता होऊन तिच्यापर्यंत येते, आणि भाव अपराधाचा किंवा कमीपणाचा असतो. धुळ्याकडील अहिराणीत 'मले लाज वाटस' असे म्हणतात. प्रत्यय निराळा, रचना तीच. 'त्याने तिला लाजविले' या प्रयोजक रचनेत लाज आणणारा तिसराच कोणी उघडपणे पुढे येतो. शिवाय 'तिची लाज गेली' आणि 'तिची लाज राखली' या प्रयोगांत लाज म्हणजे अब्रू, जपून ठेवावयाची वस्तू. म्हणजे जिच्या असण्याने मान राहतो आणि जिच्या वाटण्याने मान जातो, अशा दोन्ही गोष्टींना मराठीत एकच नाव आहे. पाळण्यावरून उतरविलेल्या स्त्रीला लाज वाटते, ती तिची लाज गेली म्हणून.

'संकोच' या शब्दाची व्युत्पत्ती येथे उद्बोधक आहे. सम् उपसर्गपूर्वक 'कुच्' धातूचा अर्थ आकसणे, आखडणे. कडी बसावी म्हणून मनुष्य श्वास रोखतो, पोट आत ओढतो, खांदे आवळतो. त्याचा देह जे करू पाहतो आणि जमत नाही, ते त्याचे मन लगेच करते. इंग्रजीतील 'एम्बॅरस' या क्रियापदाचा जुना अर्थही अडथळा आणणे, अडवून धरणे असाच होता. मराठीत त्याला 'आडकाठी' हा नेमका शब्द आहे, आणि पाळण्याचा दांडा ही शब्दशः आडकाठीच होय. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५६ मधील एका निबंधात दाखविले, की मनुष्य चारचौघांत स्वतःविषयी जे गृहीत धरून वावरतो, ते त्यांच्याच समक्ष खोटे पडले की ओशाळलेपण येते. तुलेत बसलेल्या पुढाऱ्याचे काही खोटे पडत नाही. तिकीट काढून, मुलांना शेजारी घेऊन आसनावर बसलेल्या आईचे मात्र पडते; आपण इतरांसारख्याच एक आहोत, हे तिचे गृहीत असते.

मग नकारच नको, असे म्हणता येईल काय? मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील ऑरलँडो येथे उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या एका यंत्रातून चौदा वर्षांचा मुलगा पडून मरण पावला. यंत्राच्या नियमपुस्तिकेतील कमाल मर्यादा सुमारे १३० किलो होती. मुलाचे वजन १७० किलोंहून अधिक होते. तपासात असे आढळले, की दोन आसनांचे संवेदक हाताने सैल करण्यात आले होते, त्यामुळे जोखड पुरेसे न उतरताही यंत्राने ते बंद झाल्याची खूण दिली. वडिलांच्या सांगण्याप्रमाणे त्या संध्याकाळी इतर पाळण्यांवरून त्याला परत पाठविण्यात आले होते. ज्या यंत्राने त्याला नाकारले नाही, त्यानेच त्याचा घात केला. नकाराची आवश्यकता याहून स्पष्ट होणे शक्य नाही.

तेव्हा प्रश्न उरतो तो नकार केव्हा, कोठे आणि कोणत्या वाक्यात द्यावयाचा याचा. त्याच ऑरलँडो शहरात २०१० साली सुरू झालेल्या एका लोकप्रिय यंत्रावरून स्थूल प्रेक्षकांना परत जावे लागू लागले, तेव्हा रांगेच्या बाहेर नमुन्याचे आसन ठेवण्यात आले आणि काही आसने थोर देहांसाठी बदलण्यातही आली. ज्याला शंका असेल त्याने आधीच, आडोशाला बसून पाहावे. खानदेशच्या जत्रेत असे एखादे आसन तिकीटखिडकीपाशी ठेवणे फारसे खर्चाचे नाही. वाक्याला तर खर्चच नाही. 'मावशी, तुमचे वजन जास्त आहे' यात 'मावशी' या नात्याने दिलेला मान पुढच्या चार शब्दांत परत घेतला जातो. 'मावशी, याची कडी बसत नाही, उतरा' यात कर्ता कडी आहे, उणेपण यंत्राचे आहे, आणि विशेष म्हणजे हे वाक्य खरे आहे.

वैद्यकाच्या दालनात हाच देह पुन्हा मोजला जातो, परंतु तेथे आकड्याचा अर्थ पालटतो. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १९९१ पासून शस्त्रक्रियेसाठी ४०, अथवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, ही मर्यादा जगभर प्रमाण मानली जाई. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती ३५ वर आणली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ सुचविली, कारण भारतीयांत तुलनेने कमी वजनावरच मधुमेहादी विकार उद्भवतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीच्या बाबतीत ३५ म्हणजे सुमारे ९० किलो, २७.५ म्हणजे सुमारे ७० किलो. सत्तर किलोच्या स्त्रीला जत्रेतील पाळण्यावरून सहसा कोणी उतरवीत नाही. म्हणजे लाज आणि व्याधी यांच्या सीमारेषा एक नाहीत: लाज वाटावयास लागण्यापूर्वीच उपचाराची वेळ आलेली असू शकते, आणि लाज वाटली म्हणून वैद्याकडे जाणारा पुष्कळ उशिरा गेलेला असतो. त्यातही एकदा रांगेत 'वजन जास्त' हे ऐकलेला मनुष्य वजनकाट्यालाच टाळू लागला, तर हा उशीर आणखी वाढतो.

शस्त्रक्रियेनंतरही भाषा पाठ सोडीत नाही. जठराचा सुमारे तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकण्याच्या प्रचलित पद्धतीने वर्षदीड वर्षात वजन पुष्कळ उतरते. मराठीत मात्र वजन वाढणे म्हणजे 'तब्येत सुधारणे' आणि कमी होणे म्हणजे 'तब्येत उतरणे'. वाळला, रोडावला, खंगला हे सारे शब्द रोगाचे किंवा विपन्नावस्थेचे. दुष्काळ आणि प्लेग पाहिलेल्या समाजाने ही शब्दयोजना केली, यात नवल नाही. पण परिणाम असा, की वर्षापूर्वी ज्या स्त्रीला पाळण्यावरून उतरविले, तिलाच पुढच्या आखाजीला माहेरच्या अंगणात काळजीच्या सुरात विचारले जाते, 'काय गं, तब्येत का उतरली?' या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्याजोगे वाक्य मराठीत अद्याप रुळलेले नाही. बहुतेक जणी 'पथ्य चालू आहे' असे सांगून विषय बदलतात.