‘माप बसत नाही’ म्हणजे नेमके काय?

‘कंबर लहान आहे, नॉर्मल व्हायची नाही.’ सातव्या-आठव्या महिन्यात कोणीतरी सहज बोलून जाते आणि उरलेले दिवस ती बाई धास्तीत काढते. बोलणारीने पाहिलेला असतो कमरेचा बाहेरचा घेर. बाळाला त्याच्याशी देणेघेणे नसते. त्याची वाट आतून, हाडांच्या कड्यातून जाते.

हे कडे म्हणजे श्रोणी. दोन बाजूंना कमरेची रुंद हाडे, मागे कण्याच्या तळाशी त्रिकास्थी आणि तिच्या टोकाला माकडहाड. पुढे ही दोन्ही हाडे कूर्चेच्या सांध्याने जोडलेली असतात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे या सांध्यांचे बंध सैलावतात. शेवटच्या महिन्यांत चालताना जांघेत दुखते, त्याचे एक कारण हेच.

वाट सरळ नळीसारखी असती तर गोष्ट सोपी होती. पण श्रोणीचे वरचे दार आडवे रुंद असते: आडवे सुमारे १३ सेंटिमीटर, पुढून मागे ११. खालच्या दाराचे नेमके उलटे, तिथे पुढून मागे जास्त जागा. मधल्या टप्प्यात दोन्ही बाजूंनी हाडांचे काटे आत आलेले असतात आणि त्यांच्यातले अंतर जेमतेम १० सेंटिमीटर. म्हणून बाळ आडव्या तोंडाने आत शिरते, मध्ये वळते आणि बहुतेक वेळा आईच्या पाठीकडे तोंड करून बाहेर येते. हनुवटी छातीला टेकलेली असेल तर डोक्याचा साडेनऊ सेंटिमीटरचा भाग पुढे येतो. मान ताठ राहिली तर तोच साडेअकरावर जातो. बाळ तेच, श्रोणीही तीच, पण एका बाळंतपणात वाट मिळते आणि दुसऱ्यात अडते.

शिवाय बाळाच्या कवटीची हाडे अजून सांधलेली नसतात. कळांच्या दाबाने ती एकमेकांवर किंचित सरकतात. जन्मल्यावर डोके लांबट दिसते ते यामुळेच. काही दिवसांत ते आपोआप गोल होते. मालिश करताना दाबून आकार देण्याची गरज नाही.

एकेकाळी श्रोणीचे माप क्ष-किरणांनी काढत. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये डॉ. अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट यांनी गर्भावस्थेतील क्ष-किरण आणि मुलांमधला कर्करोग यांचा संबंध दाखवला. तशीही ती मापे बाळंतपण कसे होईल ते नीट सांगत नव्हती. सैलावणारे सांधे, दबणारी कवटी, कळांचा जोर हे आधी मोजणार कसे? त्यामुळे बहुतेकींच्या बाबतीत ‘माप’ कळते ते कळा सुरू झाल्यावरच. तोवर पार्टोग्राफच्या तक्त्यावर गर्भपिशवीचे तोंड किती उघडले, डोके किती खाली आले, बाळाचे ठोके कसे आहेत याची नोंद ठेवणे हाच खरा मापदंड.

अपवाद आहेत. लहानपणी मुडदूस झालेला, अपघातात श्रोणीचे हाड मोडलेले किंवा उंची १४० सेंटिमीटरहून कमी असेल, तर शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय आधीच ठरवावे. कमी वयातली गर्भारपणे वेगळ्या कारणाने जोखमीची. मुलीची उंची वाढायची थांबली तरी श्रोणी पुढे काही काळ वाढतच असते.

बाळंतिणीच्या बसण्या-निजण्यानेही फरक पडतो. पाठीवर आडवे पडल्यावर त्रिकास्थी आणि माकडहाड दाबले जातात. उकिडवे बसल्यावर खालचे दार थोडे रुंदावते. आवडेल त्या स्थितीत प्रसूत होऊ द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शनातही आहे. आपल्याकडे मात्र टेबलावर उताणे निजवण्याची सवय सुटत नाही.

पहिल्या सिझेरियनच्या कागदावर ‘माप बसले नाही’ असे लिहिलेल्या अनेकींचे पुढचे बाळंतपण नैसर्गिकरीत्या होते. मात्र ते शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच करावे. तो कागद जपून ठेवावा. किती तास कळा होत्या, तोंड किती उघडले होते, डोके कसे वळलेले होते, हे पुढच्या वेळी डॉक्टर त्यातूनच वाचतात.