शिळाछापाचे धडे

शिळाछापाच्या दगडावर काही कोरलेले असते, ही आमची समजूत उन्हाळी कार्यशाळेच्या पहिल्याच दिवशी गळून पडली. १७९८ च्या सुमारास बव्हेरियात आलॉइस सेनेफेल्डर याने सिद्ध केलेली ही कला तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभी आहे. चुनखडीचा दगड वाळू-पाणी घालून घासावयाचा, त्यावर तेलकट खडूने उलटे चित्र काढावयाचे, मग डिंकाच्या पाण्यात किंचित नायट्रिक आम्ल मिसळून ते लावावयाचे. नंतर ओल्या दगडावरून शाईचा रूळ फिरविला की शाई तेलकट रेघांनाच धरते. कोरी जागा पाणी धरून तिला दूर ठेवते.

आमच्या पहिल्या छापात आकाशात पाच काळे डाग उमटले. चित्र काढताना हात टेकला होता! बोटांचा तेलकटपणाही दगडाने टिपला. तो पुन्हा घासण्यात सारी दुपार गेली.

राजा रविवर्मा यांच्या १८९४ साली मुंबईत निघालेल्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वती आपण घरोघरी पाहिल्या आहेत. त्यांत प्रत्येक रंगाला निराळा दगड लागे. एका दगडाने आमची ही दशा! आता त्या लक्ष्मीपुढे उभे राहिलो की आमची नजर आधी पदराच्या काठावर जाते. रंग रेघेबाहेर सरकला आहे का, ते पाहावयास.