फोडणीचा वास येईना

भोपाळच्या साकेत नगरातल्या एका मराठी काकूंची तक्रार होती, फोडणी घातली तरी वास आल्यासारखा वाटत नाही. पहाटे तीनला जाग, अंग जड, देवपूजेतही मन नाही. थायरॉइड, बी-१२, सगळं तपासून झालं. 'उदास वाटतं' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. आपल्याकडे नैराश्य अनेकदा पाठदुखीसारख्या शारीरिक तक्रारींच्या नावानंच दवाखान्यात येतं.

गोडी जाणं किंवा उदासी, जोडीला झोप-भूक बिघडणं, थकवा, स्वतःला दोष देणं, हे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं तर दाखवायला हवं. मानसोपचार विभाग काकूंच्या घराजवळच्या एम्समध्येच आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नयेत.

गोळ्यांशिवायही वाट आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठका घेतल्या. मुख्य भर एका गोष्टीवर: सुटलेली छोटी कामं पुन्हा हाती घेणं. नेहमीच्या उपचारांपेक्षा गुण जास्त दिसला. 2017मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं.

मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका. टेलिमानस हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीतही.

काकूंनी सुरुवात तुळशीला पाणी घालण्यापासून केली.